मीठ की बल्ब

हमीद, मी पाण्यात मीठ घातलंच नव्हतं.

एवढं एक वाक्य सांगायला मी रोज तुझ्याकडे येत होतो. खाटेशी स्टूल ओढून बसायचो. तू डोळे उघडून विचारायचास, "काय बे कंपोंडर, टोचून राह्यल्या का?" मी म्हणायचो, "नाई." मग तू म्हणायचास, "म्हंजे तुयं मीठ लागू हाये अजून," आणि मी मान हलवायचो. त्यात दोन खोट्या गोष्टी होत्या. कोंबड्या टोचत होत्या, आणि मीठ कधी नव्हतंच. तुला मूठमाती देऊन घरी आलो, हात धुतले, तरी वाक्य तोंडातच राहिलं. आता लिहून सांगतो. तू ऐकणार नाहीस हे मला कळतं. पण समोर बसलेला असतानाही तू माझं कुठे ऐकायचास?

आपलं भांडण साऱ्या गावाला ठाऊक आहे, त्यामागची गोष्ट मात्र कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून थोडं मागून सांगतो. मी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालो तेव्हा तुझे गुडघे शिडी चढायला नाही म्हणू लागले होते. ब्रह्मपुरीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुझ्या हातच्या. पहिल्या व्हिडिओ हॉलची पाटी रंगवलीस ती शेवटची. मग तुझ्या घरामागे टिनाचं शेड घातलं, पुढून जाळी लावली, खाली धानाचं तूस पसरलं आणि त्यात पांढऱ्या इंग्लिश कोंबड्या सोडल्या. मी म्हटलं होतं, गावरानी पाळू, अंगणात फिरतील, आपलं आपलं खातील. तू म्हणालास, "पांढऱ्याच पाह्यजे. पांढऱ्यावर सगळं उठून दिसते." पेंटरचं बोलणं. पुढे खरंच सगळं उठून दिसलं.

पहिलं रक्त तुलाच दिसलं. एका कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी पिसं उपटलेली आणि लालभडक कातडं. आपल्याला वाटलं मुंगूस आलं. जाळी तपासली, भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तणसाच्या पेंढीवर बसून पाहिलं तेव्हा कळलं की मुंगूस वगैरे कोणी नाही, त्यांच्यातलीच एक आहे. आणि तीही मोठी दांडगी नव्हे, एक बारकी, मान लांब असलेली. ती सहज चालत जायची, जखमेकडे मान तिरकी करून एका डोळ्याने बघायची, आणि टक् करून टोचायची. मग दुसरी यायची. मार खाणारी पळत नव्हती, याचं तुला फार नवल वाटलं. ती कोपऱ्यात डोकं खुपसून उभी राहायची आणि पाठ मोकळी सोडायची. "पळून काऊन नाई राह्यली बे ते?" तू मला विचारलंस. इतकी वर्षं दवाखान्यात काढली, पण मला सांगता आलं नाही. गुरांच्या दवाखान्यात कोंबडी कोण आणतो?

पण मी मेश्राम कंपाउंडर होतो, गप्प बसणं मला शोभलं नसतं. मी लाल दवाई आणली. आपल्याकडे कुणाचं ढोपर फुटलं, बैलाचं शिंग मोडलं, तरी लाल दवाईच. प्रत्येक जखमेवर मी कापसाने ती लावली, चांगली ठळक. कोंबड्यांना वाटलं असेल, अरे वा, दाखवून दिलं. संध्याकाळपर्यंत जिथे जिथे माझा कापूस लागला होता तिथे तिथे त्यांनी टोचून खड्डे केले. एक मेली. तू तिला पायाला धरून उचललंस आणि म्हणालास, "कंपोंडर, तू तं पाटी रंगवली ना बे. इथी टोचा म्हणून."

मी चिडलो होतो, पण हिशेब तू लगेच बरोबर केलास. टोचणारी कोणती हे ओळखायला म्हणून तू तुझा बारीक ब्रश काढलास आणि संशयित कोंबड्यांच्या पाठीवर पिवळे ठिपके दिले. कोंबड्या ठिपके टोचू लागल्या. ज्यांनी कधी मार खाल्ला नव्हता त्याही आता मार खाऊ लागल्या. आपण दोघं पेंढ्यांवर बसून हसलो ते अजून आठवतं. हसू नये असं होतं, पण आलं.

कुणीतरी सांगितलं, चोची तापल्या सुरीने छाटा. मी सुरी परजूनही आणली होती. तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. "चोच छाटली तं ते दाणा कायनं उचलन?" मी म्हटलं, टोकच छाटायचं आहे. तू म्हणालास, "माया ब्रशाचं टोक छाट, मंग पाह्य मी कशी पाटी काढतो ते." सुरी तुझ्या बायकोने, भाभीने, कांद्यासाठी नेली. तो वाद तिथेच अर्धा राहिला. तुझं पूर्ण बरोबर होतं असं मला आजही वाटत नाही, पण छाटल्या नाहीत याचं बरं वाटतं.

मग आपापले उपाय निघाले. मी ऐकलं होतं की अंगात मीठ कमी पडलं की कोंबडीला रक्ताची चटक लागते. माझं म्हणणं होतं, पाण्यात मीठ द्यायचं. तुझं म्हणणं होतं, बल्ब. संध्याकाळी अंडी वाढावीत म्हणून आपण शेडात मोठा पिवळा बल्ब लावत होतो. तो इतका लख्ख की जखम चमकून दिसते, म्हणून तू बल्बच लाल रंगवणार होतास. "सगळंच लाल दिसलं तं रक्त कोणाले दिसन?" विचार सुरेख होता. मी त्याला हसलो, कारण तो मला सुचला नव्हता.

कामाची वाटणी आपली ठरलेली होती. दिवेलागणीनंतर मला नीट दिसत नाही, म्हणून संध्याकाळ तुझी. तू उशिरा उठणारा, म्हणून सकाळचं पाणी माझं. दुपारी दोघं मिळून पाहत बसायचो, मी पेंढीवर आणि तू रंगाच्या पालथ्या डब्यावर मुरमुरे खात. म्हणजे मी सकाळी काय करतो ते तू पाहत नव्हतास, आणि तू संध्याकाळी काय करतोस ते मी.

तू बल्ब लाल रंगवून टांगलास, त्याच्या दुसऱ्या सकाळी मिठाची पुडी घेऊन मी पाण्याच्या भांड्यापाशी उभा राहिलो आणि माझा हात थांबला. मीठ जास्त झालं तर कोंबडी मरते, एवढं ठाऊक होतं. किती म्हणजे जास्त, ते ठाऊक नव्हतं. लाल दवाईने मेलेली ती डोळ्यांपुढे होती. मी पुडी वळचणीला खोचली आणि नुसतं पाणी भरलं. म्हटलं, उद्या कुणाला तरी विचारून घालू. पण दोन-चार दिवसांतच टोचणं कमी झालं, मग थांबलंच. जखमा सुकल्या, नवी पिसं फुटली. तू जाळीपाशी उभा राहून म्हणालास, "पाह्यला का बल्ब?" तुझ्या तोंडावरचं ते हसू मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "बल्ब कायचा? रोज सकाळी मीठ चालू हाये."

बस. एवढंच घडलं. वळचणीतली पुडी पुढे पाण्याने भिजून दगड झाली, ती मी बांधावर फेकली.

लोकांना ते भांडण आवडलं. पानठेल्यावर आपण दिसलो की कुणीतरी विचारायचंच, "काय जी, मीठ की बल्ब?" तू बल्बची बाजू मांडायचास, मी मिठाची. आपण इतकं चांगलं भांडायचो की मला स्वतःलाच कधी कधी वाटायचं, मीठ घातलं होतं. आणि असंच एकदा पानठेल्यावर बोलताना बोडीकाठच्या, त्या लहान तळ्याशेजारच्या, कौसल्याबाईने ऐकलं.

तिच्याकडे एका खोलीत थोड्या इंग्लिश कोंबड्या होत्या आणि त्याही टोचत होत्या. तिने विचारलं, "भाऊ, किती टाकाचं?" मी हाताने दाखवलं. जे मी कधी टाकलं नव्हतं त्याचं माप मी हाताने दाखवलं, हमीद. तिच्या कोंबड्या तहानेने पाणी पीत राहिल्या आणि मेल्या. ती कुणाला काही बोलली नाही. मला भेटली तेव्हा म्हणाली, "मायाच हात भारी पडला जी भाऊ." मी मान हलवली आणि वाटेला लागलो.

तू तुझ्या वाट्याच्या चांगल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या टोपलीत घालून तिच्याकडे गेला होतास. तिने घेतल्या नाहीत. माझ्या हाताला कोंबडी लाभत नाही, म्हणाली. रिकाम्या हाताने परतणारा माणूस येतो तसा तू भरली टोपली घेऊन परत आलास. मला एवढंच म्हणालास, "एकदा जाऊन ये ना बे. मीठ कमीजास्त होते म्हणून सांग तिले. तिचा हात भारी नाई." मी गेलो नाही. त्यानंतर तू कौसल्याबाईसमोर कधी बल्बचं नाव काढलं नाहीस. मला कोंडीत पकडायची सगळ्यात मोठी संधी तुझ्या हातात होती आणि इतक्या वर्षांत तू ती एकदाही वापरली नाहीस. मला टोमणा मारल्याशिवाय तुझा चहा खाली उतरत नसे, तरीही. याबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती.

मराठीत टोचणी हा शब्द दोन्हीकडे चालतो, कोंबडीलाही आणि मनालाही. तुला मी हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मंग मनाले बल्ब लाव."

तू खाटेला लागलास आणि काही दिवसांतच शेडात पुन्हा रक्त दिसलं. कोंबड्या नव्या होत्या, त्यांनी कुणाकडून शिकायचा प्रश्न नव्हता. मी तुला सांगितलं नाही. एकदा तूच म्हणालास, "कंपोंडर, त्या बल्बाचं एक सांगाचं हाये तुले." मग खोकला आला. भाभीने पाणी दिलं, तू झोपलास. मला वाटलं, बल्ब पुसायला सांगत असशील.

तू गेल्यावर दोन्ही वेळचं मीच पाहतो. भाभी तुझ्यामागे इद्दतीचे दिवस पाळते आहे, बाहेर येत नाही, माझ्याशी दाराच्या पडद्याआडून बोलते. परवा अंडी द्यायला गेलो, तर आतून म्हणाली, "भाऊ, कोंबड्या ओरडून राह्यल्या. टोचतेत का?"

मी म्हटलं, "टोचतात. बल्ब लावून पाहीन म्हणतो आज."

पडदा हलला नाही, पण आतून हसण्याचा आवाज आला. तू गेल्यापासून पहिलाच. "कोणता बल्ब? थो तं लाल रंगवला थ्या पह्यल्याच संध्याकाळी तडकला. टिनातून पान्याचा थेंब पडला आन् फट्. त्यायनं तसाच टांगून ठेवला. मले म्हणे, मेश्रामले सांगू नोको, जलमभर हसन थो."

"मग नवीन का नाही लावला?"

"लावला असता तं विचारलं असतं ना तुमी, जुना काऊन काढला म्हणून. अंडे कमी झाले थ्याचं काई नाई, भांडणात हारले नाई पाह्यजे." मग ती म्हणाली, "रोज म्हणत, उद्या सांगतो त्याले."

मी अंड्यांची टोपली ओट्यावर ठेवली आणि तिथेच बसलो. हमीद, लेका! इतकी वर्षं तू न पेटणाऱ्या बल्बसाठी भांडलास आणि मी न घातलेल्या मिठासाठी. मला आधी हसू आलं. मग राग आला, की हे तू असताना कळलं असतं तर आपण दोघं बसल्या जागेवरून खाली पडेपर्यंत हसलो असतो. आणि मग, तिथेच बसल्या बसल्या, जुनी खोड जागी झाली. मीठ नाही, बल्ब नाही. मग कोंबड्या थांबल्या कशाने?

पहिल्यांदा वाटलं, अंधाराने. बल्ब तडकला, संध्याकाळी अंधार झाला, त्या लवकर झोपल्या, टोचणं थांबलं. म्हणजे तूच जिंकलास, तोही फुटक्या बल्बने. पण आता काय? शेडात आताही संध्याकाळी अंधारच असतो, आणि टोचणं चालू आहे. अंधाराचा थोडा हात असेल, पण तेवढ्याने भागत नाही. खाद्य तेच, जागा तीच. तेव्हा होतं आणि आता नाही, असं काय?

काल दुपारी शेडात गेलो. तू आजारी पडल्यापासून मी तिथे बसलो नव्हतो. पाणी, दाणा, अंडी, की बाहेर. काल माझ्या पेंढीवर बसलो. समोर तुझा रंगाचा रिकामा डबा पालथा होता, तुझं सिंहासन. एक कोंबडी कोपऱ्यात डोकं खुपसून उभी होती, दोघी तिच्यामागे. मी हुसकावलं, त्या परत आल्या. उठून डबा बाजूला केला, तर खाली कागदाची पुडी. तुझे मुरमुरे. पार मऊ पडलेले.

आणि मला तू दिसलास. बोलताना तुझे हात कधी थांबत नसत, हातात ब्रश नसला तर मुरमुरे असायचे. "बल्ब!" म्हटलं की एक मूठ उडायची, थोडे तोंडात, बाकी तुसात. माझ्यावर फेकायचास तेही तुसातच. पांढरे मुरमुरे पिवळ्या तुसात खाली खाली जायचे आणि कोंबड्या दुपारभर तूस उकरत, शोधत, पळत असायच्या. आपला आवाज चढला की जाळीच्या त्या टोकाकडच्याही धावत यायच्या. मला वाटायचं, घाबरतात. त्यांना ठाऊक होतं, हे दोघं भांडू लागले की खायला पडतं. मग दुसरीच्या पाठीकडे बघायला सवड कुणाला? आपण टोचणारी शोधायला म्हणून बसायला लागलो, आणि बसलो म्हणून टोचणं थांबलं.

हे मला खरं वाटतं. पण मिठाचंही मला एकदा खरं वाटलं होतं, म्हणून जरा जपून सांगतो.

तिथून उठलो तो घरी गेलो नाही. बोडीकडे गेलो. कौसल्याबाई दारात चिंचा फोडत बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. मीठ मी कधी घातलं नव्हतं, माप मला ठाऊक नव्हतं, तुझा हात भारी नव्हता. तिने हातातली चिंच पूर्ण फोडली, चिंचोके वेगळे केले, आणि मग वर बघितलं.

"मंग येऊन सांगतलं काऊन नाई तवा?"

"लाज वाटली."

"मले नवती का वाटत लाज? दुकानात कोनी मीठ मागे तं मी मान खाली घालो." तिने चिंचा सुपात भरल्या, सूप आत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, माझ्या तोंडावर लावते आहे. तिने बाहेरून कडी घातली. "चाला. दाखवा थ्या कोंबड्या."

शेडात येऊन ती माझ्या पेंढीवर बसली. तुझ्या डब्यावर बसली नाही. मी मुरमुऱ्यांचं सगळं समजावून सांगितलं आणि मूठभर तिच्या हातात देऊन मूठभर फेकलेही. कोंबड्या धावल्या. कोपऱ्यातलीनेही डोकं बाहेर काढलं. मी म्हटलं, "पाहिलं?"

"काय पाह्यलं? मुरमुऱ्यानं नाई होत जी असं. गर्दी केली तुमी. थ्या बारक्या दोघी पाहा, थ्यायले बसाले जागा नाई."

"जागा तेवढीच होती तेव्हा पण."

"कोंबड्या तेवढ्याच होत्या का?"

मी म्हटलं, होत्या. ती म्हणाली, "तुमच्या मापावर माया भरोसा नाई." मी आवाज चढवला. तिने माझ्याहून चढवला. हात नाचवताना तिच्या मुठीतले मुरमुरे तुसात उडाले आणि जाळीच्या त्या टोकाच्या कोंबड्या माना पुढे काढून आमच्याकडे धावत सुटल्या. घरातून, पडद्याआडून, भाभीचा आवाज आला, "कोन भांडून राह्यलं बाप्पा?"

कौसल्याबाईने जाताना टोचल्या गेलेल्यांतल्या दोघी मागितल्या. जखमा भरेपर्यंत वेगळ्या ठेवते, म्हणाली, मग पाहू. तुझीच टोपली मी काढून दिली. मी जखमांना काही लावलं नाही. ती वाटेवर थोडी पुढे गेली, थांबली, आणि टोपली कमरेवर घेऊन मागे वळली.

"भाऊ, पान्यात काई टाकाचं का?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसतं पाणी."